पिल्लाला हात कधी लावायचा

ऑरिन,

बर्फात जेनिव्हाताईची गाडी अडकलीय, म्हणून आईला दवाखान्यात न्यायला मीच निघालेय. संध्याकाळपर्यंत येईन. घेवड्याचं सूप शेगडीवर आहे.

उबवणीच्या पेटीतलं शेवटचं अंडं तुझ्यावर सोपवलंय. कालपासून त्याला भोक पडलंय, पण चीर पुढे सरकत नाही. पिल्लू जोरात ओरडतंय तोवर झाकण उघडू नकोस, आतला ओलावा जातो. दुपारी आवाज बारीक झाला आणि कवचाखालचा पापुद्रा वाळून पिवळट दिसला, तरच हात लाव. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पापुद्र्यावर फिरव आणि भोकाच्या कडेने कवच जरा जरा सोल. रक्ताचा ठिपका दिसला की थांब, अंडं परत आत ठेव. शेवटचा जोर त्याचा त्यालाच लावू दे.

काल म्हणालास, "मला चमचा धरवत नाही हेस्टर, अंडं कसलं धरतोय!" अर्धांगाचा झटका आल्यापासून तुझ्या शर्टाची बटणंसुद्धा मीच लावतेय. आजपासून ते बंद. हात थरथरतो म्हणून तू हळू करशील, आणि या कामाला हळुवार हातच लागतो.

शेजारच्या क्लाइडला बोलावू नकोस. "ऑरिनने कितीही गळ घातली तरी यायचं नाही," असं मी त्याला बजावलंय.

पिल्लू दगावलं तर मी एक शब्द बोलणार नाही. पण ते आत तडफडत असताना तू खुर्चीत बसून राहिलास, तर मात्र गाठ माझ्याशी आहे.

हेस्टर