बाथरूममधली पेन्सिलची रेघ

बुधवार, तारीख १४

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मावशी-काकांनाही सांग. आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नकोस. मोबाइलवर एकाच बोटाने टाइप करतेय, सकाळी बसले ती आता जेवायची वेळ होत आली. फोनच केला असता, पण फोनवर माझी बोबडी वळते. उगाच नाही तुमच्या घरी सगळे मला गोगलगाय म्हणत.

आम्ही बरे आहोत. आईचा खोकला आहे तसाच आहे. बाबांनी बाथरूममागच्या भिंतीला परत रंग लावला, या वेळी पिस्ता. पंधरा दिवसांत खालून फुगे आले. बाबा म्हणतात, "डिझाइन आहे समज."

खडूसर तुला आवडले म्हणालीस ना? कानावर खडू अडकवून फ्लॅट तपासणारा माणूस बघून तू किती हसलीस. मी त्यांच्याकडे लागले त्याला दीड वर्ष झालं. शाळेत उभं राहून उत्तर द्यावं लागायचं, त्या भीतीने मी नववीतच शाळा सोडली. इथे फरशीवर काठी आपटायची आणि ऐकायचं. खालून पोकळ असली की आवाज वेगळा येतो, तिथे सर खडूने फुली मारतात. बोलायला लागत नाही, म्हणून मला जमतं.

नवा नियम आल्यापासून आम्हाला फुरसत नाही. आता चावी घ्यायच्या आधी घर घेणाऱ्याला आपला माणूस आणून सगळं तपासता येतं. यादीत जे लिहिलं ते बिल्डरला आधी दुरुस्त करून द्यावं लागतं. त्या यादीच्या कागदावर तक्रारींसाठी बारा ओळी आहेत. मी पहिल्यांदा तो कागद बघितला तेव्हा ओळी मोजत बसले होते. आम्ही घर घेतलं तेव्हा असा कागदच नव्हता. बिल्डरचा माणूस आला, भिंतीला बोट लावलं आणि म्हणाला, "वापरामुळे होतं असं. तुम्ही पाणी फार वापरता." आई त्याच्यापुढे गप्प बसली. तेव्हापासून सहा वर्षं त्या भिंतीशीच बोलतेय.

आणि तुमचा फ्लॅट तयार झाला, त्याच वर्षी नियम आला. खोटं नाही सांगत, मला वाटलं की कायदासुद्धा तुझ्यासाठी थांबला होता. लहानपणी तुझे फ्रॉक मला यायचे, तुझा कंपास मला आला, त्यातली पट्टी तुटकीच होती. नियम मात्र जुना झाल्यावर कुणी कुणाला देत नाही.

हे सगळं का सांगतेय? सांगायचं आहे ते बोटातून उतरत नाहीये म्हणून.

सोमवार आठव. आदल्या दिवशी आम्ही तुमच्या बाथरूममध्ये पाणी भरून ठेवलं होतं. जाळीत बोळा कोंबायचा, दारात विटांचा बांध घालायचा, तीन बोटं पाणी भरायचं आणि भिंतीवर पाण्याच्या कडेला पेन्सिलने रेघ मारायची. चोवीस तासांनी पाणी रेघेवरच असलं तर ठीक. उतरलं तर कुठेतरी झिरपतंय.

सर वरच्या मजल्यावर होते. तू हॉलमध्ये पडद्यांचं माप घेत होतीस. तू म्हणालीस, "बरं झालं बाई नियम आला. नाहीतर आमच्याकडेही तुमच्या घरासारखा वास आला असता. आई तर तुमच्याकडून आली की आधी साडी बदलते."

तू हसत बोललीस, मला माहितीये. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी बाथरूममध्ये गेले. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं. आणि ताई, मला आनंद झाला. असा आनंद मला कधी झाला नव्हता, एकदम गरम.

कोपऱ्यात आमची बादली होती. तू विचारलंस, "काय गं, कसला आवाज?" मी म्हणाले, "हात धुतेय."

हात धूत नव्हते. मगाने पाणी ओतत होते. रेघेपर्यंत भरलं. मग सर आले, त्यांनी बघितलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तू केलीस ना टेस्ट? मग सहीपण तूच कर." 'पाण्याची चाचणी: ठीक', त्याच्यापुढे माझं नाव. कुठल्या खऱ्या कागदावरची माझी पहिली सही.

पाणी उतरलं ते भिंतीच्या पलीकडे, म्हणजे तुझ्या खोलीत. जिथे तू पलंग ठेवणार आहेस तिथेच.

शुक्रवारी तुम्ही सही करून चावी घेणार. करू नका. सही झाली की तुमच्या बिल्डरचा माणूसही तेच म्हणेल, वापरामुळे झालं, आणि नियम असला तरी काका भांडत बसतील. परत पाणी भरायला सांग. चोवीस तास तिथून हलू नकोस. रेघ तू स्वतः मार, आणि पेनाने मार. माझ्यावर विश्वास ठेवून काही करू नकोस.

सरांना अजून सांगितलेलं नाही. हे पाठवलं की जाणार आहे. बहुतेक काढतील. त्यांच्यापुढे उभं राहून बोलावं लागेल, शाळेत उत्तर द्यायचं तसं. लोक आता त्यांचाच शब्द खरा मानतात आणि मी त्यावरच पाणी ओतलं.

माफ कर असं लिहिलं होतं, पण खोडलं. कारण अजूनही जळतेच आहे मी. तुझी भिंत कोरडी राहील आणि आमची आई खोकत राहील, हे मला आत्ताही आवडत नाहीये. तरी सांगतेय, एवढंच.

समोरच्या शिंप्याच्या दुकानातली मांजर मशीनखालच्या चिंध्यांत व्यायली. चार पिल्लं आहेत, एक अख्खं काळं.

जिची सही त्या कागदावर आहे ती,
गोगलगाय