नाव न घेता

सर, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी आता मोजत नाही, पण गिरगावातल्या कॉलेजात समाजशास्त्राच्या पहिल्याच तासाला तुम्ही सांगितलेलं अजून कानात आहे. माहिती देणाऱ्याचं नाव बाहेर जाता कामा नये; त्याने आपल्याला घरात घेतलं हे त्याचे उपकार. मी लालबागच्या चाळीतली, वर्गात दबून बसणारी मुलगी. ते ऐकून वाटलं, या माणसाला आपल्या घरी न्यायला हरकत नाही.

तुम्हाला गिरणगावातल्या घरांची पाहणी करायची होती आणि चाळीत परक्याला कुणी धड उत्तर देत नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. प्रश्न विचारणारा दिसला की लोक त्याला सरकारचा माणूस समजत. म्हणून मी तुम्हाला आईच्या खानावळीत आणलं. तुमचे प्रश्न संपले, पेन खिशाला लागलं, आणि तुम्ही पाटावर बसलात. आई भात वाढते आहे. हरताळामुळे गिरण्या बंद, शिजवलेलं उरतंय, आणि मोर्च्याहून आलेल्यांना ती फुकट जेवू घालते आहे. थकून ती बोलून जाते, "मुंबय कोणाकय मिळांदे, माझी माणसां जेवक येवक व्हयी." तुम्ही मान डोलावता. मला केवढं बरं वाटतं.

तेच वाक्य तुम्ही दादरच्या व्याख्यानात ऐकवलंत. आई माझ्या शेजारी होती, मागे चाळीतली माणसं. नाव तुम्ही घेतलं नाहीत. म्हणालात, लालबागमधली एक मालवणी विधवा, राहत्या खोलीत खानावळ चालवते, मुलगी कॉलेजात शिकते. अहो, अशी दुसरी होती कोण? सभागृह हसलं, मागची माणसं हसली नाहीत. बाहेर मी तुम्हाला गाठलं तेव्हा तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "मी नाव घेतलं का?"

घरी येताना आईने एवढंच विचारलं, "तुझे सर त्या दिवशी पोटभर जेवले मा?" पुढे चळवळीशी बेइमान बाई म्हणून लोकांनी तिच्याकडे जेवणं सोडलं आणि खानावळ बंद झाली. तुम्ही मला फसवलंत सर, आणि माझ्याच हातून तिलाही. हा राग गेलेला नाही. तो जावा असंही मला वाटत नाही.

नंतर मीही हाच विषय शिकवला. नाव झाकलं म्हणून माणूस झाकला जात नाही, हे समजावताना तुमचाच प्रसंग सांगायचे. मात्र तुमचं शहर बदलायचे, व्याख्यानाचा विषय बदलायचे, चष्मासुद्धा काढून टाकायचे. ओळखीतल्या कुणालाही तुमचा संशय येऊ नये, असं. मुलांना म्हणायचे, ही शिस्त आहे. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, म्हणून इथे खरं लिहिते. तुमच्यावर कुणी हसलेलं मला अजून सोसत नाही.