कुरमाघरातून सुटका

प्रिय दिव्याताई,

तुझा फोन सासूबाईंजवळ असतो, म्हणून हे पत्र लटारूभाऊच्या हाती देतो आहे. एकटी असशील तेव्हाच उघड.

माय बरी आहे असं मी दर वेळी सांगायचो. ते खोटं होतं. परवा ती पुन्हा दिसेनाशी झाली. सापडली गावाबाहेर, पाळीच्या बायकांना बसवतात त्या कुरमाघरात, गुडघे पोटाशी घेऊन. हात धरला तर म्हणाली, "शिवू नको मले. पाच दिवस झाले नाई अजून." पाळी बंद होऊन चौदा वर्षं झालेली बाई. तुला आठवतं, पिशवी काढायच्या ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात ती चुलीजवळ पाय पसरून बसायची आणि शेजारणींना मुद्दाम बोलावून चहा पाजायची? त्या गळक्या झोपडीत साप राखायला मी आता जात नाही, म्हणायची. आता तिला ती झोपडीच तेवढी आठवते. माझं नाव आठवत नाही. गाव म्हणतं, कुरम्याची रीत मोडली म्हणून देव कोपला.

चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, पाळी कितव्या वर्षी थांबली. छत्तिसाव्या, म्हटलं, ऑपरेशनने. जुना कागद मी प्लास्टिकमध्ये घालून नेला होता. तो त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाल्या, अंडाशयातून जे संप्रेरक येतं, ते मेंदूलाही लागतं. इतक्या लवकर अंडाशय काढले की विसरण्याच्या आजाराचा धोका वाढतो. मायचं त्यानेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण काढायचं कारण कागदावर कुठेच नाही.

तो कागद अंगठा देण्याआधी बाबांनी मलाच वाचायला लावला होता. तू तेव्हा घरी शेळ्यांपाशी होतीस. 'गर्भाशय व दोन्ही अंडाशय' असं मी न अडखळता वाचलं. अंडाशय म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. नववीत होतो, विचारायची लाज वाटली. म्हणालो, बरोबर आहे बाबा, द्या अंगठा. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

काल भाऊजी बाजारात भेटले. सोमवारी, मायचं केलं त्याच खाजगी दवाखान्यात तुझंही ऑपरेशन आहे, कटकट मिटेल, असं हसून म्हणाले. ताई, तू एकतीस वर्षांची आहेस. रक्त जास्त जातं त्यावर आधी तपासण्या असतात, गोळ्या असतात. डॉक्टरबाई शनिवारी तुला पाहतील, मी विचारून ठेवलं आहे. लटारूभाऊ गाडी घेऊन विहिरीपाशी थांबला आहे. कपडे घेत बसू नकोस. जशी आहेस तशी नीघ.

सरकारी दवाखान्याच्या दारात उभा असलेला,
तुझाच चंदन