चौकात उतरायचं

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमच्या लेकीला आज भर चौकात तुमच्याशी बोलावंसं वाटलं. हसू नका. कोवळं ऊन पडलंय, इंदिरानगरच्या आपल्या चौकात मी कडेला बसलेय आणि एका जुन्या नकाशाच्या पाठीवर हे लिहितेय.

ओझरच्या कारखान्याची बस या चौकापलीकडे थांबायची. तुम्ही घरून सायकलवर निघता, चौक आला की उतरता, हँडल धरून चालत पलीकडे जाता आणि पुन्हा टांग मारता. मला अजून तसेच दिसता. नववीत मी एकदा चौकातून सायकल दामटली, तर सगळ्यांदेखत मला परत आणून चालत ओलांडायला लावलंत. "चौकात उतरायचं. चौक आपला नाय." मी आठवडाभर तुमच्याशी अबोला धरला. पुढे मात्र तेच वाक्य शहाणपण म्हणून जपलं.

इतकं जपलं, की महापालिकेत सायकलींसाठी वेगळा रस्ता आखायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी तो चौकाच्या अलीकडेच संपवला. पुढे पाटी: उतरून चाला. आम्ही चुन्यानं आखणी करत होतो, तेवढ्यात घरोघरी स्वयंपाकाला जाणाऱ्या एक मावशी सायकलवरूनच म्हणाल्या, "इथंच संपला का ओ रस्ता?"

"पुढे चालत जायचं, मावशी."

"चालता आलं असतं तर सायकल कशाला घेतली असती? गुडघे गेलेत माझे. बसले की जाते कुठंबी, उतरले की संपलं."

नाना, तुमचेही गुडघे गेले होते. मग सायकल जिन्याखाली उभी राहिली आणि आम्ही म्हणालो, वय झालं. सायकल तुम्हाला चालवता आली असती, फक्त चौक चालत ओलांडता येत नव्हता. चौकात उतरणं हे शहाणपण नव्हतं, भीती होती, आणि मी तीच नकाशात उतरवली. मला फार लाज वाटली.

नकाशा नव्यानं काढला. कोपऱ्यावर उंच ओटा घेतला, म्हणजे वळणाऱ्या गाड्यांना हळू व्हावंच लागेल. सायकलींची पट्टी त्याच्या आतून सलग पलीकडे नेली, त्यांना गाड्यांआधी लागणारा हिरवा दिवा दिला. गाड्यांना डावं वळण मोकळं हवं म्हणून साहेब अडून बसले. पण मीही तुमचीच लेक, हट्टाला काय कमी?

आज रस्ता सुरू झाला. मी जिन्याखालची तुमची सायकल तेलपाणी करून आणली होती. दिवा हिरवा झाला, मावशी पायडल न सोडता पलीकडे गेल्या आणि मागं वळून ओरडल्या, "ताई, चला की!"

हा कागद घडी करून तुमच्या सीटखालच्या पिशवीत ठेवते, दुसरीकडे कुठे टाकणार? एक सांगायचं राहिलं. तो दिवा माझ्यासाठीही हिरवा होता, नाना, आणि मी उतरलेच. चौक आता आपला आहे, हे मला ठाऊक होतं. पण हँडल धरून चालताना तुम्ही शेजारी असता.