अमृतचं आतडं माझ्या बशीत

१८ नोव्हेंबर
मेलं! सगळं बुरशीने खाल्लं. आणि कारण कळल्यावर हसावं की रडावं समजेना. सुरतच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून माझ्या धाकट्या भावाच्या, अमृतच्या आतड्याचा कणभर तुकडा काढून दिला होता, माझ्या प्रयोगासाठी. एक रात्र घरी थर्मासात बर्फावर ठेवला. आईने नव्या वस्तूला लावतात तसं हळदकुंकू लावलं — झाकण उघडून आतल्या नळीच्या तोंडालासुद्धा! मी ओरडले, तर तीच रडायला लागली. "आधी लगीन व्हवू दे, मंग काय करनं ते करा." तिला एकच धास्ती. धाकट्याला संडासातून रक्त पडतं हे त्याच्यासाठी बघितलेल्या कळसाडीच्या रोहिणीला लग्नाआधी कळलं तर?

९ जानेवारी
त्रास वाढला, पुन्हा दुर्बीण घातली. नवा तुकडा अमृतने स्वतःच आणला, मांडीवर थर्मास धरून. विसरवाडीला बस थांबली तेव्हा रसवाल्याकडून बर्फ भरून घेतला म्हणे. शहाद्याला उतरला तो थेट आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये. घरी नेलाच नाही!

१६ जानेवारी
जगलं!! काचेच्या बशीतल्या जेलीत पेशींचे गोळे धरलेत. सूक्ष्मदर्शकाखाली भिजलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात, पण प्रत्येकाला आतड्याची भिंत आहे. मी लॅबमध्ये एकटीच नाचले.

२८ जानेवारी
जिंकले! गोळ्यांना दाह आणणारं द्रव्य घातलं आणि भिंती गळू लागल्या. अमृतच्या पोटात चालतं तेच माझ्या बशीत! आता औषधं आधी इथे घालून बघता येतील. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, बशीत झालं ते पोटात होईलच असं नाही. खरं आहे. पण आज मला कुणी खाली ओढू नये.

अमृत डोळा लावून बराच वेळ बघत राहिला. लाज वाटते म्हणून जेवणावळी टाळणारा माझा भाऊ! मग म्हणाला, "आक्का, जे शे ते रोहिणीले दखाड."

१ फेब्रुवारी
रोहिणीला लॅबमध्ये बोलावणं धाडलं, तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही.

८ फेब्रुवारी
सगळीकडे मुलगी बघतात, आज मुलीने मुलाचं आतडं बघितलं! रोहिणी आली, सोबत तिची आई निर्मलाबाई. अमृतने काही लपवलं नाही. रक्त, गोळ्या, आजार जन्मभराचा आहे, सगळं सांगून टाकलं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला! निर्मलाबाई ऐकता ऐकता बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. रोहिणी मात्र सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेना. शेवटी निर्मलाबाई तिला दंडाला धरून घेऊन गेल्या. गेलं वाटतं स्थळ.

९ फेब्रुवारी
सकाळी रोहिणी एकटीच लॅबमध्ये आली. होकार आहे! मग तिने दार लोटून घेतलं आणि अमृतच्या बशीकडे बोट केलं.

"ताई, मन्हं बी रक्त पडस. आईनी बोलू दिनं नही. मन्हं बी आठे लावशी का?"