सपाट झालेली पानं

गुरुवार, संध्याकाळ

आज वाचनालयात बेंबळीहून कमलबाई आल्या. दिसत नाही, तरी एकट्या एसटीनं आल्या. लहानपणी अंधशाळेत ब्रेल शिकलेल्या. आमच्याकडं ब्रेलची पुस्तकं आहेत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं म्हणे.

आहेत ना. आली तेव्हा कुणी मागितली नाहीत, म्हणून मीच ती सुतळीनं करकचून बांधली आणि कपाटात तळाशी आडवी ठेवली. पानं वाकू नयेत म्हणून वर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचले. तपासणीला आलेल्या साहेबांनी या नीटनेटकेपणाचं कौतुकसुद्धा केलं होतं.

आज ती सुतळी सोडली. कमलबाईंनी पानावर बोटं फिरवली. परत फिरवली. दुसरं पान, तिसरं पान. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, बोटाला कायच लागंना. खुरपून खुरपून माझीच बोटं जाड झाली असतील."

मी पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. ठिपके पार दबून गेलेले. माझ्याच गठ्ठ्यांच्या वजनानं. इतकी वर्षं पुस्तकं सांभाळते मी, आणि ही पुस्तकं उभी ठेवायची असतात एवढं कळू नये? कुणाला विचारावंसंही वाटलं नाही?

सांगायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

कमलबाई पदराला बोटं पुसत होत्या. पुसून पुन्हा पानावर ठेवत होत्या.

"व्हय ना मॅडम? बोटांचंच कायतरी असंल?"

"असेल," मी म्हणाले.

आणि त्या गेल्यावर सुतळी पुन्हा बांधली. तशीच, करकचून.