विटकरी स्वेटरांचा मोसम

दि. १४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी माल सांगतो, तू हो म्हणतेस आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं की सगळं विसरतेस. म्हणून येत्या थंडीचा अंदाज नेहमीसारखा कागदावर पाठवतोय. सैल बाह्या चालतील. चकचकीत कापड अजिबात उचलू नकोस. गडद निळा मागच्या वर्षी चालला म्हणून यंदाही चालेल, असं तुझा होलसेलवाला सांगेल. त्याच्याकडे पडून असेल, म्हणून सांगेल.

माझं काम तेच, पुढच्या मोसमाला काय खपेल ते कंपनीला आधी सांगायचं. बसथांब्यांवर आणि कॉलेजच्या फाटकांसमोर डोळ्यांत तेल घालून उभा असतो. तिथला वॉचमन माझ्यासाठी स्थळं सुचवायला लागलाय, त्याला वाटतं मी मुली बघायला येतो. आता त्याला काय सांगू, की मी मुली नाही, त्यांच्या ओढण्या बघतो! लोक काय घेतात ते सगळेच बघतात गं. दुकानात हात पुन्हा पुन्हा कशाकडे जातो नि परत येतो, ते मी बघतो. जे हात लावून ठेवून दिलं, ते पुढच्या मोसमाला खपतं.

आणि हो, तुमच्या दुकानाच्या शोकेसचा फोटो बघून मी खुर्चीतून उठलोच. एप्रिलच्या रणरणत्या उन्हात पुतळ्यांच्या अंगावर विटकरी स्वेटर, मोठी लाकडी बटणं, गळ्यात मफलर! भाऊजींची कमाल आहे. आम्ही सहा महिने आधी कागदावर लिहितो, त्यांनी काचेत मांडून दाखवलं. धंद्यात हेच लागतं, घाम फुटलेला असताना थंडी दिसली पाहिजे. आणि तो विटकरी! मलाही कुठेकुठे त्याची चाहूल लागत होती, पण लिहायची छाती होत नव्हती. आता लिहितो. आमच्या कंपनीचा माल घरून विकणाऱ्या बायकांनाही फोटो पाठवलाय.

भाऊजींना माझा दंडवत सांग. रागावत जा, पण लोभ सोडू नकोस.

तुझा,
धाकटा


दि. २ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू ह्यांना अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलंस. तुझं पत्र त्यांनी मोठ्यानं वाचलं, मग शेजारच्या चपलांच्या दुकानात जाऊन वाचलं, आणि आता ते काउंटरच्या मागे टाचणीनं लावलंय. इतकी वर्षं शोकेस हे लावतात नि गल्ला मी सांभाळते, पण कौतुक म्हणून कुणी केलं नव्हतं. मीही नाही. घरच्या माणसाचं कुठे कौतुक करायचं असतं, असंच आपल्याला वाटतं.

खरं सांगू का, स्वेटर नवे नाहीत. माळ्यावरची जुनी पेटी त्यांनी उतरवली. मला कपाळावर हात मारावासा वाटला होता, पण लोक थांबून बघतात, हसतात, आत येतात, आणि आत आलेलं माणूस सुती काहीतरी घेऊनच जातं. त्यामुळे मी गप्प बसले.

हल्ली कामात इतके बुडालेत की विचारू नकोस. परवा दुकानातला पंखा बंद केला आणि ह्या दिवसांत पंखा कुणी लावला म्हणून माझ्यावरच डाफरले. एका बाईंना म्हणाले, अंगावर शाल नाही, सर्दी होईल. ती बाई हसून हसून बेजार झाली. विक्रेता असावा तर असा, म्हणाली. मीही हसले.

जेवणाची आबाळ करू नकोस. वॉचमनच्या एखाद्या स्थळाचा विचार करायलाही हरकत नाही. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


दि. २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी आहे. विटकरी उचलला गेला! घरून विकणाऱ्या बायका आत्तापासून मागणी घेतायत, दोन मोठ्या दुकानांनी आमच्या अंदाजावरून तोच रंग धरलाय. साहेबांनी मला बोलावून विचारलं की हे सुचलं कुणाला. मी छाती फुगवून सांगितलं, आमच्या भाऊजींना.

आता मुद्द्याचं. ऑगस्टमध्ये इथे दुकानदारांची मोठी बैठक आहे. साहेबांची इच्छा आहे की भाऊजींनी येऊन त्यांना चार गोष्टी सांगाव्यात: रंग कसा ओळखायचा, शोकेस कधी बदलायची. तू त्यांना विचारशील का, की त्यांना हे कुठून दिसतं? मला कधी नीट सांगतच नाहीत. मागच्या आठवड्यात फोनवर विचारलं तर म्हणाले, दिसायचं काय त्यात, बाहेर बघ ना, सगळे तेच घालून फिरतायत. मी अर्धा दिवस ह्या वाक्यावर विचार करत होतो. पोहोचलेला माणूस आहे.

तिकिटं काढू ना? लगेच कळव. लोभ आहेच, त्यात ह्या बातमीमुळे थोडी भर पडू दे.

तुझा,
धाकटा


दि. ९ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तिकिटं काढू नकोस.

हे मागच्या खोलीत तागे नीट लावत बसलेत, म्हणून लिहायला फावलं. फोनवर बोलायचं तर ते शेजारीच असतात. ह्यांना विसरण्याचा आजार झालाय, बाळा. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. आहे ते टिकवता येईल काही काळ, गेलं ते परत येणार नाही, असं म्हणाले.

तूच मला शिकवलंस ना, माणूस काय बोलतो ते ऐकू नये, हात कुठे जातात ते बघावं. मी बैठकीचं विचारायला गेले, तेव्हा ह्यांचे हात एका फ्रॉकची घडी घालत होते. लहानसा फ्रॉक, चार वर्षांच्या पोरीचा. मला म्हणाले, चिमणीला घालून बघ, शाळेचं नाटक आहे. आपली चिमणी आता नोकरी करते, तिचे केस पिकायला लागलेत. मी तसं सांगितलं तर माझ्याकडे असे बघत राहिले, मी खोटं बोलतेय जणू. मग मला वाईट वाटू नये म्हणून हसले. ते हसणं बघून मी आत जाऊन रडले.

त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं रे. ते मागे गेले होते. आपण दुकान उघडलं, त्या वर्षीच्या थंडीत. तेव्हा विटकरीच चालायचा, अशीच बटणं होती. तुमची फॅशन गोल फिरून नेमकी तिथे आली, आणि आपल्याला वाटलं हे सगळ्यांच्या पुढे आहेत. कुठल्याही दुसऱ्या धंद्यात उन्हाळ्यात स्वेटर काढणाऱ्याला घरच्यांनी दवाखान्यात नेलं असतं. आपण टाळ्या वाजवल्या. तू मनाला लावून घेऊ नकोस, शेजारी झोपणारी मी होते.

चिमणी म्हणते, दुकान विका नि माझ्याकडे या. डॉक्टर म्हणतात, हातांना सवयीचं काम जोवर आहे, तोवर माणूस जागेवर राहील. शोकेस काढून घेतली तर हे कशाला धरून राहतील? आणि ठेवली तर लोक किती दिवस गंमत समजतील? मला काही सुचत नाही. तू सांग. व्यापाऱ्याचं नको सांगू, भावाचं सांग.

तुझी,
ताई


दि. १६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बसथांब्यावरच उघडलं. नंतर कोण काय घालून गेलं, मला काही दिसलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. जगभराच्या माणसांचे हात बघत फिरलो आणि आपल्या माणसाकडे बघितलं नाही. भाऊजींनी मला सायकल शिकवली गं. मागून सीट धरून पळायचे. मला फार वाईट वाटतंय, ते लपवून काय करू?

साहेबांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले की अंदाज परत घेता येणार नाही. येणारच नाही. विटकरी लोकर रंगायला गेलीसुद्धा. येत्या थंडीत सगळा बाजार भाऊजींच्या त्या वर्षासारखा दिसणार आहे.

दुकान विकू नकोस. शोकेस त्यांची आहे, त्यांनाच राहू दे. माल चुकीच्या मोसमाचा दिसला तर दिसू दे, गिऱ्हाईक तुझ्या बोलण्यावर येतं. मी शनिवारी निघतोय. पुतळे उचलायला माणूस लागेल आणि तुला थोडं झोपायला मिळेल.

आजवर लोभ मागत आलो. आता मी आहे, एवढंच लिहितो.

तुझा,
धाकटा


दि. १८ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू राहून गेलास त्याला आता काही महिने झाले. त्यानंतर हे बरेच खालावले. आंघोळीला हात धरून न्यावं लागतं. चिमणी येऊन गेली, तिला त्यांनी पाहुणी समजून खुर्ची दिली. ती बिचारी नीट बसली, चहा प्यायली, आणि फाटकाबाहेर जाऊन रडली.

पण थंडी पडली, आणि तू म्हणाला होतास तसंच झालं. रस्ताभर विटकरी. शाळेच्या पोरी, बँकेतले कारकून, चपलांच्या दुकानातली सून, जो तो तेच स्वेटर घालून. हे सकाळी दुकानाच्या पायरीवर बसतात नि बघतात. उन्हाळाभर किती घाबरलेले असायचे रे. बाहेरचं काहीच ह्यांच्या मनातल्याशी जुळत नव्हतं. आता सगळं जुळलंय, तर चेहरा शांत झालाय. एवढं सुख तुझ्या त्या अंदाजानं दिलं, म्हणून उगाच स्वतःला दोष देत बसू नकोस.

काल मी बाजारातून भाजी घेऊन दुकानात शिरले, तर हे काउंटरमागे उभे. मला या म्हणाले, बसा म्हणाले. काय दाखवू, असं विचारलं. मला वाटलं थट्टा करतायत, मग डोळे बघितले नि समजलं. मी पिशवी खाली ठेवली. त्यांनी विटकरी स्वेटर काढला, माझ्या खांद्याला लावून बघितला, आणि म्हणाले, हा रंग घ्याच, माझ्या बायकोला मी हाच घेतलाय, तिला फार शोभतो. मी विचारलं, कुठे आहेत त्या? ते म्हणाले, येईलच एवढ्यात, भाजी आणायला गेलीय.

मी स्वेटर घेतला. त्यांनी छान घडी घातली, कागदात बांधून दिला, हात अजून चुकत नाहीत. पुन्हा या, म्हणाले. मी येते म्हटलं आणि दाराबाहेर गेले. थंडी होती. थोडा वेळ तिथे उभी राहिले आणि मग परत आत शिरले, कारण ते वाट बघत होते.

तब्येतीला जप. तुझा लोभ आहे तसाच असू दे. ह्यांच्या वाटणीचाही आता तुझ्याकडेच मागावा लागणार.

तुझी,
ताई